फ्लॅट भाड्याने देताय? घरमालकांचे सारखे सारखे येणारे प्रश्न (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा)

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पेठेतल्या वडिलोपार्जित वाड्याचा एक हिस्सा आणि नंतर कर्ज काढून घेतलेला एक टू बीएचके, या दोन्हींचे भाड्याचे कागद घरात मीच बघतो, आणि त्यातून जे शिकलो ते शिकलो. आता नात्यात किंवा सोसायटीत कुणालाही फ्लॅट द्यायचा झाला की फोन मला येतो, प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. भाड्याचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, त्यामुळे हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, बेळगाव किंवा पणजीत फ्लॅट असेल तर तिथलं तिथे विचारा.

भाडेकरू घर बळकावतो म्हणे, त्यापेक्षा रिकामं ठेवलेलं बरं ना?

ही भीती उगाच आलेली नाही. गावाकडच्या कुठल्याही घरात विचारा, "कूळ लागलं आणि जमीन गेली" ही गोष्ट एका तरी आजीकडे असतेच, १ एप्रिल १९५७ ला कसणारा तोच मालक झाला आणि अनेकांच्या नावावरची शेतं गेली. तो शेतजमिनीचा कायदा, घराशी त्याचा काही संबंध नाही, पण डोक्यात दोन्हीची खिचडी झालीये.

शहरातली गोष्ट वेगळी. इथे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता आणि त्यात भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलेलं. म्हणजे देश स्वतंत्र झाला, सोनं कुठल्या कुठे गेलं, आणि वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं मात्र तिथेच. त्यावर पळवाट म्हणून मालक लोक "भाडेकरू नाही, लायसन्सी ठेवलाय" (म्हणजे फक्त राहायची परवानगी दिलेला माणूस) असे कागद करायला लागले, तर १९७३ ला दुरुस्ती आली की १ फेब्रुवारी १९७३ ला जो जो लायसन्सवर राहत होता तो भाडेकरू समजला जाईल. एका तारखेत पाहुण्याचा भाडेकरू झाला! आमच्या वडिलांच्या पिढीने तेव्हा जो धसका घेतला तो अजून गेलेला नाही आणि मुंबई-पुण्यात जे बंद फ्लॅट दिसतात त्यातल्या बऱ्याच कुलपांमागे हाच धसका आहे असं माझं मत.

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की भाडं असं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं आता मनमानी झालंय. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. मुंबईचा, विदर्भातला आणि मराठवाड्यातला (तो जुन्या हैदराबाद राज्याकडून आलेला) असे तीन वेगळे कायदे जाऊन राज्यभर एकच झाला. तुम्ही आज फ्लॅट देताय तर तुम्हाला हा लागू. १९७३ ची गोष्ट सांगून घाबरवणाऱ्या काकांना चहा पाजा आणि पुढे जा.

या नव्या कायद्याने मालकाला मिळालं काय पण?

कलम २४. बाकी काही नाही लक्षात राहिलं तरी चालेल, हा आकडा विसरू नका.

राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की लायसन्सीने घर सोडायचं, नाही सोडलं तर मालकाने नेहमीच्या कोर्टात न जाता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं (यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी, वकील लोक कॉम्पिटंट ऑथॉरिटी म्हणतात). मुदतीनंतर तो जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने. आणि सगळ्यात भारी म्हणजे लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा, म्हणजे उद्या तो उठून "मी लायसन्सी नाही हो, मी तर भाडेकरू, तोंडी ठरलं होतं आमचं" म्हणाला तर ते तिथे चालत नाही. करारात ज्याचं नाव नाही अशा तिसऱ्याच माणसाचा दावाही तो प्राधिकारी ऐकत नाही, त्यामुळे ऐन वेळी उगवणारा मेव्हणा बाहेर.

मालक वारला तर वारसालाही हाच हक्क मिळतो. मात्र जो स्वतःच भाडेकरू आहे आणि त्याने पुढे कुणाला लायसन्सवर ठेवलंय, त्याला या कलमाचा फायदा नाही.

भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स, एकच ना दोन्ही?

बोलताना एकच. आपण सगळेच भाडं, भाडेकरू म्हणतो, मी पण या लेखात म्हणणार आहे. कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. भाडेपट्ट्यात समोरच्याला त्या जागेत हक्क मिळतो, तो भाडेकरू होतो आणि मग त्याला काढायचं तर कलम १६ मधली कारणं सिद्ध करत बसा. लायसन्समध्ये त्याला फक्त राहायची परवानगी मिळते, जागेत हक्क काहीच नाही. म्हणून करारात शब्द जपून वापरा, लायसन्स फी, लायसन्सर, लायसन्सी. एजंटने जुन्या फॉरमॅटमधून उचललेलं "भाडेकरू" आणि "मासिक भाडे" तसंच राहिलेलं मी दोनदा पकडलंय, त्यातलं एक तर माझ्याच फ्लॅटच्या ड्राफ्टमध्ये होतं.

११ महिन्यांचं केलं की रजिस्टर करायची गरज नाही ना?

आहे. आहे. आहे. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात.

११ महिन्यांची पद्धत आली कुठून तर देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे, म्हणून एक महिना कमी. पण महाराष्ट्रात कलम ५५ आहे आणि ते म्हणतं की भाड्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, तिथे महिन्यांचा काही विषयच नाही. जबाबदारी कुणाची? मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता पाच हजारांनी कुणी घाबरत नाही हे मलाही माहितीये, खरी मेख पुढे आहे, रजिस्टर करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं आठ हजार ठरलं होतं आणि पाच वर्षं राहायचं ठरलं होतं, तर सिद्ध करत बसा तुम्ही.

११ च कशाला, २४ किंवा ३६ महिन्यांचं करा, दरवर्षी पाच टक्के वाढ लिहून टाका. स्टॅम्प ड्युटीचा लीव्ह अँड लायसन्सचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे, तितकं पुष्कळ झालं.

नोटरी केलंय, चालेल?

नाही. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे.

खर्च किती येतो?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. कशावर तर पूर्ण मुदतीची फी अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. उदाहरण घ्या, २४ महिने, महिना २०,०००, डिपॉझिट एक लाख. फी झाली ४,८०,०००, डिपॉझिटचं दोन वर्षांचं व्याज २०,०००, एकूण पाच लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. बाकी जे काय ते एजंटचं, आणि ऑनलाईन नोंदणी असल्यामुळे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांग लावावी लागत नाही, घरी येऊन आधारवर थंब घेऊन जातात. एवढ्याशा खर्चासाठी लोक "राहू दे ना, ओळखीचाच आहे" म्हणतात. ओळखीचा असेल तर जास्तच करा, अनोळखी माणसाला निदान नोटीस तरी पाठवता येते, बायकोच्या मामेभावाला कशी पाठवणार?

मुदत संपली, तो जात नाही. आता नेमकं करायचं काय?

आधी लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप ठीक आहे पण रजिस्टर पोस्टाने नोटीस गेलेली बरी. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, सोबत रजिस्टर करार आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा), मालकीचे कागद, नोटिशीची प्रत आणि पोच. तिथून त्याला समन्स जातं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन "मला केस लढवायची परवानगी द्या" असं मागायचं असतं, आपोआप लढता येत नाही, आधी लढण्याजोगं काहीतरी आहे हे दाखवावं लागतं. ३० दिवसांत आलाच नाही किंवा परवानगी नाकारली तर तुमच्या अर्जातलं त्याने कबूल केलं असं धरून आदेश होतो. आदेशावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज वर करता येतो. आदेश होऊनही नाही निघाला तर प्राधिकारी गरज पडल्यास बळ वापरून जागा मोकळी करून देऊ शकतो.

कागदावर हे सगळं झपाट्याचं दिसतं. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच वेळ जातो, तो दार उघडत नाही, पत्त्यात विंग चुकलेली असते, तारखेला साहेब मीटिंगला असतात. तरीही दिवाणी दाव्याच्या मानाने हे काहीच नाही हो. वाड्यातल्या एका खोलीचा दावा आमच्या आजोबांनी लावला होता, निकाल मी नोकरीला लागल्यावर आला.

तोपर्यंत कुलूप बदलू का? निदान लाईट-पाणी तरी बंद करतो.

दोन्ही नको. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्याचा दिवा, लिफ्ट अशा आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडणं हा मालकाचा गुन्हा धरला जातो. आणि सामान बाहेर काढून कुलूप लावलंत तर तो विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही, फक्त जबरदस्तीने काढलं का एवढंच बघतात. म्हणजे घर तुमचं, करार तुमच्या बाजूचा, मुदत संपलेली, आणि तरी कोर्टात आरोपीसारखे उभे तुम्ही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी रागाच्या भरात फ्यूज काढून नेला होता, नंतर तीन महिने पोलीस चौकीच्या चकरा त्यांच्याच, आणि फ्यूज काय, समोरच्याने तासाभरात नवा बसवला.

मुदत बाकी आहे पण भाडं थकवतोय, मग?

याचं उत्तर करार करतानाच लिहायचं असतं. दोन महिने फी थकली तर लेखी नोटीस देऊन लायसन्स रद्द करता येईल असं कलम टाका, नोटीस किती दिवसांची तेही. लॉक-इन (अमुक महिने करार मोडायचा नाही ही अट) टाकला असेल तर थकबाकीच्या वेळी तो तुम्हाला बांधत नाही हेही स्पष्ट लिहा, नाहीतर स्वतःच्याच लॉक-इनमध्ये अडकाल. पैसे नेहमी बँकेतून घ्या, रोखीने घेतलेत तर दिले होते की नव्हते यावरच निम्मी केस जाते.

दुकानाचा गाळा दिलाय, कलम २४ चालेल का?

नाही, २४ फक्त राहण्याच्या जागेसाठी. गाळा, ऑफिस, गोडाऊन लायसन्सवर दिलं असेल तर लघुवाद न्यायालयाच्या कायद्याखाली ताब्याचा दावा करावा लागतो, मुंबईत त्याचं कलम ४१ सगळ्या वकिलांना पाठ असतं. वेळ जास्त लागतो, हे धरूनच डिपॉझिट ठरवा.

कंपनीला गेस्ट हाऊससाठी दिला तर?

बँक, सरकारी महामंडळ, बहुराष्ट्रीय कंपनी किंवा भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा जास्त असलेली कंपनी भाडेकरू असेल तर कलम ३ मुळे या कायद्याचं संरक्षण तिला नाही. मालकासाठी हे चांगलंच, पण भांडवल किती ते कंपनीच्या कागदात बघा, व्हिजिटिंग कार्डावर नाही.

वाड्यात साठ वर्षांपासून भाडेकरू आहेत, त्यांचं काय करता येतं?

इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण हे दुखणं घरचं आहे.

जुना भाडेकरू भाडं भरतोय आणि अटी पाळतोय तोवर त्याला काढता येत नाही, कलम १५. थकवलं तर आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, मगच दावा. आणि दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला की तो वाचतो. म्हणजे थकबाकीवर काढीन म्हणणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये.

भाडं वाढवायचं तर कलम ११, वर्षाला चार टक्के. आमच्याकडे एका खोलीचं साठ रुपये आहे, चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. पावती पुस्तक त्याहून महाग पडतं. पण तरी वाढ दरवर्षी लेखी कळवत जा, आणि पावतीही द्या, भाडं घेतल्यावर पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

काढण्याची खरी कारणं कलम १६ मध्ये आहेत, मालकाला स्वतःला जागेची रास्त आणि प्रामाणिक गरज, परस्पर दुसऱ्याला दिली, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव, किंवा योग्य कारण नसताना दाव्याआधी सलग सहा महिने ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरलीच नाही. हे शेवटचं लोक विसरतात. भाडेकरूने उपनगरात फ्लॅट घेतलाय, वाड्यातल्या खोलीला कुलूप, दिवाळीला येऊन पणती लावून जातो, अशा केसेस गल्लीगल्लीत आहेत. वीज बिलावरचे युनिट बघा, शेजाऱ्यांशी बोला, पुरावा जमवा. स्वतःची गरज दाखवायची असेल तर कोर्ट तोलून बघतं की जास्त हाल कुणाचे होतील, तुमच्याकडे दुसरं घर असेल तर जड जातं.

भाडेकरू वारला तर? त्याच्या मृत्यूच्या वेळी जे कुटुंबीय त्याच्यासोबत तिथे राहत होते त्यांना हक्क जातो, असं कुणीच नसेल तर वारसाला. पुण्याबाहेर स्थायिक झालेला मुलगा तेराव्याला येऊन "आता मी" म्हणाला तर सोबत राहत होता का, आणि नसेल तर सोबत राहणारं दुसरं कुणी होतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि पागडी, जी आधी बेकायदा होती आणि तरी सगळे घेत होते, ती कलम ५६ ने कायदेशीर केली. भाडेकरू जागा विकतो, मालक आपला वाटा घेऊन नव्या माणसाच्या नावाची पावती फाडतो, हे आता उघडपणे करता येतं. भाडेकरूंवर माझा राग नाही, त्यांच्या मुलांसोबत आम्ही अंगणात क्रिकेट खेळलोय, पण गळणारं छप्पर दुरुस्त करायची जबाबदारी मालकाची आणि भाडं साठ रुपये, हे गणित कुणी बसवून दाखवावं.

१२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं हे खरं का?

तुमच्या परवानगीने राहणारा, भाडं किंवा फी देणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. १२ वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या विरोधात, उघडपणे, स्वतःला मालक म्हणवत ताबा ठेवणाऱ्यासाठी. धोका कुठे, तर कागदाशिवाय कुणाला "राहा तोवर" म्हणून बसवलं आणि वीस वर्षं विसरून गेलात तिथे, कारण परवानगी दिली होती हेच मग सिद्ध करता येत नाही.

करार एकाशी, राहतात चौघे. चालतं का?

करारात कोण कोण राहणार त्यांची नावं लिहा आणि पोटभाड्याने देता येणार नाही हे लिहा. घर बघायला अधूनमधून जायचं कलमही टाका, आधी कळवून जायचं, अचानक बेल वाजवायची नाही.

सोसायटी एनओसी देत नाही, बॅचलर नको म्हणते.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नियमांचा सरकारी नमुना) लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, महापालिकेचे कर सोडून. पूर्ण मेंटेनन्सवर लावले असतील तर बिल परत पाठवा. घरात आई-वडील, मुलगा किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर तेही नाहीत.

पोलीस व्हेरिफिकेशन?

करा. पोलीस आयुक्तांचे त्याबद्दल आदेश असतात, मोडले तर गुन्हा मालकावर. ऑनलाईन होतं, दहा मिनिटांचं काम.

केंद्राचा नवीन भाडे कायदा आलाय ना, दोन महिन्यांचंच डिपॉझिट घ्यायचं?

जून २०२१ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजूर केला तो आदर्श मसुदा. भाड्याचा विषय राज्यांचा, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. दोन महिन्यांची मर्यादा त्या मसुद्यातली.

मुलगा न्यू जर्सीला, फ्लॅट त्याच्या नावावर, आम्ही सह्या केल्या तर?

नुसत्या वडील म्हणून केलेल्या सह्या चालत नाहीत, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हवी, आणि तिच्यात लीव्ह अँड लायसन्स करणं, नोंदणीला हजर राहणं, नोटीस देणं, केस लावणं हे एकेक शब्दात लिहिलेलं हवं. तिकडे भारतीय वकिलातीत किंवा नोटरी करून अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का) लावून पाठवायची आणि इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची, पाकीट कपाटात ठेवून विसरायचं नाही. अजून एक, मालक अनिवासी असेल तर राहणाऱ्याने फीमधून टीडीएस कापायचा असतो, दर ३० टक्के अधिक सेस, त्यामुळे फी ठरवतानाच हे बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात "पैसे कमी का आले" म्हणून तिकडून रात्री दोनला फोन.

डिपॉझिट परत देताना किती कापायचं?

जे करारात लिहिलंय तेवढंच. आत येतानाचे फोटो-व्हिडिओ दोघांच्या फोनवर असू देत, पंखे किती, गीझर कुठला, किचनच्या ट्रॉल्या सरकतात का, सगळी यादी कराराला जोडा. भिंतीवरचे खिळे आणि फिक्का पडलेला रंग हे वापराचं झालं, त्याचे पैसे मागू नका, फुटलेल्या बेसिनचे मागा. चाव्या घेतल्यावर "ताबा मिळाला" आणि पैसे दिल्यावर "डिपॉझिट मिळालं" अशा दोन ओळी तारखेसह एकाच कागदावर दोघांच्या सहीने घ्या. आणि मीटरचं रीडिंग, ते मी मागच्या वेळी लिहून घ्यायला विसरलो, अकराशे रुपये गेले.